रुळलेली मुलगी

"पहिला दिवस आहे, तासभर तरी बसा तिच्याजवळ," पाळणाघराच्या रूथमावशी म्हणाल्या. "एकदम सोडून गेलात तर घर डोक्यावर घेईल."

मी बसायच्या तयारीनंच आले होते. पण जुईनं ती वेळच येऊ दिली नाही. दारात तिनं चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडून ठेवल्या, आत गेली आणि सतरंजीवर मांडी घालून बसली. दारातच साहिल नावाचा एक गुबगुबीत मुलगा आईच्या पदराला लोंबकळून किंचाळत होता. एका हातानं पदर सावरत आणि दुसऱ्या हातानं त्याची बोटं सोडवत ती माऊली घामाघूम झाली होती.

"जुई, मी जाऊ?" मी विचारलं.

"जा," ती म्हणाली. मग शिकवल्यासारखा हात हलवला. "टाटा."

साहिलची आई माझ्याकडं बघून म्हणाली, "नशीबवान आहात हो. आमचं ध्यान बघा."

मलाही तसंच वाटलं. मिरजेच्या स्टँडवर सांगलीची बस धरताना माझी मान अभिमानानं ताठ झाली होती.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं होऊन गेली. जुई आमच्याकडं आली ती दिवाळीनंतर. लग्नाला बरीच वर्षं झाली, डॉक्टर झाले, नवस झाले, आणि शेवटी आम्ही दोघांनी सोलापूरकडच्या एका शिशुगृहात नाव नोंदवलं. आम्ही तिला घरी आणलं तेव्हा ती तीन वर्षांची होऊन गेली होती. मी सांगलीला पाटबंधारे खात्यात कारकून होते. ह्यांचं, म्हणजे श्रेणिक मगदूमांचं, मिरजेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी उघडायच्या, नवी तार भरायची आणि पुन्हा चालू करून द्यायच्या, हा धंदा. मला मिळेल तेवढी रजा मी काढली. ती संक्रांतीला संपली. सासूबाई गावी, गुडघ्यांनी अधू. म्हणून पाळणाघर.

रूथमावशींनी मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून उमर काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या दोन खोल्यांत आणि अंगणात पाळणाघर काढलं. उंच, हाडापेरानं मोठी बाई. बोलणं तुटक. हाताखाली लता नावाची एक मदतनीस.

जुईबद्दल कुणाचीच काही तक्रार नव्हती. डब्यात देईन ते खायची. झोप म्हटलं की झोपायची. संध्याकाळी मी गेले की उठायची, चपला घालायची आणि चालू लागायची. घरीही तशीच. पाणी हवं असलं तर विचारायची, "पाणी पिऊ?" संडासला जायचं तरी विचारायची. पाहुणे म्हणायचे, काय वळण आहे पोरीला. आली त्याच दिवशी तिनं मला आई म्हटलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले होते, आणि दुसऱ्या दिवशी जैन बस्तीत जाऊन दर्शन घेऊन आले होते.

दोनेक आठवडे असे गेले. एका संध्याकाळी मावशींनी मला अंगणातच थांबवलं.

"मगदूमताई, तुमची मुलगी रडत नाही."

"हो. शहाणी आहे."

"काल पायरीवरून पडली. गुडघा चांगला सोलवटला, रक्त आलं. ती गुपचूप कोपऱ्यात गेली आणि फ्रॉक ओढून गुडघा झाकून बसली. लताला डाग दिसला म्हणून कळलं. तुम्हाला सांगितलं तिनं?"

नव्हतं सांगितलं. रात्री अंघोळ घालताना मला गुडघा दिसला होता. मी विचारलं तर "काही नाही" म्हणाली होती.

"घाबरली असेल, नवी जागा," मी म्हटलं.

मावशी म्हणाल्या, "आणखी एक आहे. सांगू की नको, असं चाललंय माझं. ती मलाही आई म्हणते. लतालाही आई म्हणते. काल दूध घालायला बाई आली, तिलाही आई म्हणाली."

मी अंगणातल्या झोपाळ्याचा खांब धरला. शिशुगृहात सांभाळणाऱ्या सगळ्या बायकांना मुलं आईच म्हणतात, हे मी तिथं कानांनी ऐकलं होतं. स्वयंपाकाची आई, रात्रीची आई. ऐकलं होतं, पण ते मी माझ्या घरापर्यंत येऊ दिलं नव्हतं.

"म्हणजे माझ्यात आणि दूधवालीत तिला काही फरकच नाही," मी म्हटलं.

"फरक असेल. पण तो धरून ठेवायचा धीर तिला नाही." त्यांनी मला पायरीवर बसवलं आणि स्वतःही बसल्या. "ऐका. मी वॉर्डात लागले तेव्हा आईबापांना आत घेत नसत. संध्याकाळी भेटायची वेळ तेवढी. पोरं पहिले दोन दिवस आकांत करायची. मग गप्प व्हायची. आम्ही म्हणायचो, रुळलं. डॉक्टर म्हणायचे, रुळलं. मग कधीतरी आई यायची, आणि पोर तिच्याकडं बघायचंसुद्धा नाही. आम्हाला ते कळायला फार वर्षं लागली. ते रुळलेलं नसायचं. त्यानं आशा सोडलेली असायची."

आत जुई चपला घालून दारात उभी होती. बोलावल्याशिवाय पुढं येत नव्हती.

"मग नोकरी सोडू का मी?"

"मला माहीत नाही," मावशी म्हणाल्या. "खरंच माहीत नाही. पण एक विचारते. सकाळी जाताना तुम्ही तिला सांगता, की मी परत येणार म्हणून?"

"ते काय सांगायचं? येणारच ना मी."

"तिच्यासाठी आजवर परत कोण आलंय?"



मावशींनी आधी एक उपाय काढला. तुमची एखादी वापरातली साडी द्या, म्हणाल्या, दुपारी झोपताना जवळ घेईल, आईचा वास असतो त्याला. मी माझी मऊ झालेली इरकली दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती साडी फळीवर होती. छोट्या हातांनी जमेल तशी घडी घालून, काठाला काठ लावून.

"हात लावला नाही तिनं," मावशी म्हणाल्या. "मी दिली तर म्हणाली, ही आईंची आहे. दुसऱ्याची वस्तू सांभाळावी तशी ठेवून आली. चुकलं माझं."

मग दुसरा उपाय त्यांनीच सुचवला, तोही चाचपडतच. जुईला कुठंही रुळवायची गरज नव्हती, ती कुठंही रुळत होती. तिला आमची वाट बघायला शिकवायचं होतं. त्यासाठी जाणं आणि येणं तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा व्हायला हवं, दिवसातून एकदाच नव्हे. "तुम्ही सांगलीला. पण साहेबांचं दुकान इथंच आहे ना? दुपारी येऊन तिच्याबरोबर जेवतील?"

मी ह्यांना सांगितलं. ह्यांचा स्वभाव मुखदुर्बळ. दुकानातल्या मोटरींशी बोलतील तेवढंच. मला वाटलं, नाही म्हणतील. हे म्हणाले, "जेवायचंच आहे ना, तिथं जेवतो."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सोडताना मी गुडघ्यावर बसायची आणि तिला सांगायची, "डबा खाताना बाबा येणार. दूध पिऊन झालं की आई येणार." ती मान हलवायची. माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास होता असं नाही. सांगितलेलं ऐकायचं, एवढंच.

आणि दुपारी हे डबा घेऊन जायचे. वार्निशचे डाग पडलेली पँट, नखांत काळं, आणि पोरांच्या पंगतीत मांडी घालून बसलेले. पहिल्या दिवशी जुईनं आपला डबा ह्यांच्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "तुम्ही खावा." ह्यांनी आपल्या भाकरीचा तुकडा तिच्या डब्यात ठेवला आणि तिच्या पोळीचा आपण घेतला. मग हात धुऊन म्हणाले, "आता मी जातो. उद्या डबा खाताना येतो." आणि निघाले. बोलणं तेवढंच. रोज तेच शब्द. मावशींनी पढवलं होतं, शब्दही बदलायचे नाहीत.

बाकीच्या पोरांना हे फार आवडायला लागले. साहिल तर थेट पाठीवर चढायचा. "मोटरकाका आले" म्हणून सगळी दाराकडं पळायची. जुई जागची हलायची नाही. हे घरी येऊन सांगायचे, आज काही नाही. आज काही नाही. मग एकदा म्हणाले, "आज मी गेलो तर तिच्या शेजारी पाट मांडलेला होता."

"लतानं मांडला असेल."

"लताला विचारलं मी. नाही म्हणाली."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी हे रात्री जेवता जेवता थांबले. घास हातातच होता. म्हणाले, "साहिल मांडीवर येऊन बसला होता माझ्या. जुई जवळ आली. त्याला ढकललं वगैरे नाही. नुसतं त्याच्या कानाशी जाऊन हळू म्हणाली, माझे बाबा आहेत." ह्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मी आमटी वाढायचं निमित्त करून उठले.

आणि मग तो दिवस आला.

मालगावच्या एका शेतकऱ्याची मोटर विहिरीत अडकली होती. मळ्यातली द्राक्षं पाण्यावर आलेली, एक दिवसही थांबता येत नव्हतं. हे सकाळीच निघाले, दुपारपर्यंत परततो म्हणाले. तेव्हा खिशात फोन नव्हते. दुपार टळून गेल्यावर आमच्या ऑफिसात साहेबांच्या टेबलावरचा फोन वाजला. शिपाई मला बोलवायला आला.

"मगदूमताई, येता येईल का?" मावशींचा आवाज नेहमीचा नव्हता. मागं कसलातरी गलका होता. "साहेब आले नाहीत आज."

मी ऑफिसातल्या साहेबांना काय सांगितलं ते मला आठवत नाही. बसमध्ये मला एकच दिसत होतं, विहिरीवर गेलेला माणूस आणि खाली पाणी. जुईचा विचार तर मनात आलाही नसेल. तिचं काय, ती कोपऱ्यात शहाण्यासारखी बसली असेल.

फाटकापाशीच रडणं ऐकू आलं. मला वाटलं साहिल. दुसऱ्या कुणाचं वाटायचं कारणच नव्हतं. जुईचं रडणं मी कधी ऐकलेलंच नव्हतं, मग ओळखणार कशी?

आतल्या दाराला मोठी कडी होती. त्या दारावर दोन्ही मुठी आपटत जुई उभी होती. तोंड लाल, नाक वाहतंय, केस चिकटलेले, एक चप्पल पायात आणि एक खोलीच्या दुसऱ्या टोकाला. डबा उपडा पडला होता. पोरं भिंतीला लागून गप्प उभी होती. साहिलसुद्धा. मावशी तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसल्या होत्या.

"डबा उघडला आणि दाराकडं बघत बसली," त्या म्हणाल्या. "खाल्लं नाही. मी म्हटलं, येतील, उशीर झाला असेल. मग जे सुरू झालं ते हे. उचलायला गेले तर मला चावली." त्यांनी मनगट पुढं केलं. छोट्या दातांची पुरती रांग उमटली होती. मावशींचे डोळे भरले होते आणि चेहऱ्यावर हसू होतं. असा चेहरा मी पुन्हा कुणाचा पाहिला नाही. "चांगली चावली हो."

मी जुईला हाक मारली. मला वाटलं, बघून थांबेल. ती माझ्याकडं वळली, धावत आली आणि मला मारायला लागली. मांड्यांवर, पोटावर, हात पोचेल तिथं.

"बाबा का नाही आला? का नाही आला? तू म्हटलीस येणार. तू म्हटलीस."

मी खाली बसले. ती माझ्या खांद्यावर, तोंडावर मारत राहिली. माझा चष्मा पडला. मग हात थकले तेव्हा तिनं माझ्या साडीत तोंड खुपसलं आणि तसंच रडत राहिली, मोठ्यानं, गळा फाडून, जन्मापासूनचं साठलेलं असावं तसं. मी तिला उगी म्हटलं नाही. मावशींनी डोळ्यांनीच मला सांगितलं होतं, नको.

आणि माझ्या आत त्या वेळी दोन गोष्टी एकदम चालू होत्या. हे कुठं असतील ही भीती होती; आणि ही माझी आहे, ही माझ्यावर रागावलीय, असं कुणीतरी कानात ओरडून सांगत होतं.

दिवे लागायच्या सुमाराला फाटक वाजलं. हे आले. गुडघ्यापर्यंत चिखल, कोपर खरचटलेलं, हातात तसाच न उघडलेला डबा. दोर तुटला होता, माणसं गोळा करून मोटर वर काढेपर्यंत दिवस गेला होता. घरी न जाता हे थेट इकडं आले होते. बाकीची पोरं आपापल्या घरी गेली होती.

जुई माझ्या मांडीवर होती. तिनं ह्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, आणि तोंड फिरवलं.

"जुई," हे म्हणाले.

तिनं आणखी फिरवलं.

हे पायरीवर टेकले. डबा शेजारी ठेवला. बराच वेळ तिच्या पाठीकडं बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "रुसलीय." पुन्हा मावशींकडं वळून, जणू त्यांना ठाऊक नसावं, "माझ्यावर रुसलीय ती."

मावशींनी आतून ताटल्या आणल्या. ह्यांचा डबा त्या पायरीवर आम्ही चौघांनी खाल्ला. भाकरी कडक झाली होती. जुईनं पहिला घास ह्यांच्या हातून घेतला नाही. दुसरा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सोडायला गेले, तर तिनं फाटकातच माझा पदर धरला तो सोडेना. लता आणि मी मिळून बोटं सोडवली. त्यानंतर कितीतरी सकाळी असं चाललं. मी सांगायची, डबा खाताना बाबा येणार, दूध पिऊन झालं की आई येणार. आणि ती रडत रडत ऐकायची. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो आवाज मागून यायचा. पाय जड व्हायचे. तरी ऑफिसात पोचल्यावर मला शिपाई विचारायचा, आज काय विशेष, खुशीत दिसताय.

साहिलची आई हळहळली. "अहो, किती शहाणी होती ती आधी. काय झालं?"

"बरी झाली," मी म्हटलं. तिला काही उमगलं नसणार.

हळूहळू लताला ती नुसती लता म्हणायला लागली. "पोरीनं मला कामावरून कमी केलं," लता म्हणाली आणि हसत सुटली. मावशींना मावशी. आई हा शब्द कुणालाच मिळेना झाला, मला सोडून. मला तो हजार कामांसाठी मिळू लागला.

रूथमावशी पुढं पाळणाघर बंद करून नगरला मुलाकडं गेल्या. जुईच्या दहावीच्या वेळी त्यांचं पत्र आलं होतं. आता त्या नाहीत. आभाराचं मी त्यांच्याशी एकदाच बोलू शकले, तेही धड नाही. ती संध्याकाळ होळीच्या आसपासची.

मी नेहमीसारखी आणायला गेले. अंगणात जुई आणि साहिल मातीत बसले होते. त्यांनी एक खड्डा खणला होता आणि डालड्याच्या डब्यांनी त्यात पाणी आणून ओतत होते. पाणी मुरत होतं, ते पुन्हा आणत होते.

"जुई, चल."

"थांब. आमचा हौद भरायचाय."

"स्वयंपाक पडलाय घरी. बाबा येतील."

"येऊ दे," ती म्हणाली. "तू बस तिथं."

डोकंही वर केलं नाही तिनं. मातीचा हात तेवढा पायरीच्या दिशेनं केला.

मावशी दारात उभ्या होत्या. "बसा आता. हुकूम झालाय," असं म्हणून आत गेल्या आणि चहाचे दोन कप घेऊन आल्या. आम्ही पायरीवर बसलो. मी म्हटलं, "मावशी, तुमचे उपकार आम्ही..."

"उद्यापासून जुना फ्रॉक घालत जा तिला," त्या म्हणाल्या. "चांगल्या फ्रॉकांची वाट लावतेय."

आम्ही चहा प्यालो. साहिलचे वडील आले, त्याला घेऊन गेले. जुईनं त्याचा डबा आपल्याकडं ओढला आणि काम चालू ठेवलं. मी आणखी एकदा हाक मारून पाहिली. ती म्हणाली, "आई, मी सांगितलं ना, थांब."

मी थांबले. अंगणात अंधारून आलं, लतानं दिवा लावला, मावशींनी माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि न विचारता भरून आणला. ती पाणी आणत होती, ओतत होती, आणि मी उठून जाईन असं तिच्या मनात कुठंही नव्हतं.